मिक्सर घेताना आधी ऑक्स मोजा: अ‍ॅनालॉग, डिजिटल कन्सोल आणि टॅबलेट मिक्सर यांची तुलना

लाइव्ह कार्यक्रमासाठी मिक्सर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती चॅनेलचा घेऊ? विकणाराही तेच विचारतो आणि खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न असा की स्टेजवर किती जणांना स्वतःसाठी वेगळा आवाज ऐकायचा आहे; मिक्सरमधून असा वेगळा आवाज बाहेर काढायच्या वाटेला ऑक्स म्हणतात. दुसरा असा की कार्यक्रम चालू असताना मिक्सरवर कोण असणार: त्याच कामासाठी बसलेला माणूस, की वाजवणाऱ्यांपैकीच कोणीतरी? एवढं नक्की झालं की अर्धे पर्याय तिथेच गळतात, आणि चॅनेलचा हिशेब पाच मिनिटांत होतो.

बाजारात ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिलं अ‍ॅनालॉग मिक्सरचं. प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब, सगळं समोर दिसतं. यामाहाचा एमजी१६एक्सयू हा याचा चांगला नमुना. दुसरं, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) असलेल्या डिजिटल कन्सोलचं: बेहरिंजर एक्स३२, मिडास एम३२, अ‍ॅलन अँड हीथचे क्यूयू आणि एसक्यू, यामाहाची टीएफ मालिका. तिसरं घराणं रॅकमध्ये किंवा स्टेजच्या कोपऱ्यात ठेवायच्या पेटीचं. तिच्यावर फेडरच नाहीत, सगळं टॅबलेट किंवा लॅपटॉपवरून चालवायचं. बेहरिंजर एक्सआर१८, मिडास एमआर१८ आणि साउंडक्राफ्टचे यूआय मिक्सर या घराण्यातले. खाली वारंवार एमजी१६एक्सयू, एक्स३२ आणि एक्सआर१८ यांचीच उदाहरणं येतील, कारण ते सर्रास वापरात आहेत. पण मुद्दे त्या त्या घराण्याचे आहेत, एका मॉडेलचे नाहीत.

आकड्यांमागचा हिशेब

पाच जणांचा बँड धरू. एक मुख्य गायिका, दोघं कोरसला, गिटार अँपसमोर एक माइक, बासचा डीआय (वाद्याची वायर मिक्सरच्या माइक इनपुटला जोडणारी डबी), कीबोर्ड स्टिरिओ, ड्रमला चार माइक, निवेदकाचा एक माइक, आणि लॅपटॉपवरून वाजणारा ट्रॅक स्टिरिओ. मोजलं तर चौदा इनपुट होतात. सोळा चॅनेलच्या मिक्सरमध्ये बसायला हवेत, आणि एमजी१६एक्सयूमध्ये बसतातही, पण कसे ते पाहा. नावात १६ असलं तरी माइक प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे इनपुट) त्यात १० आहेत. उरलेले इनपुट लाइनचे, म्हणजे कीबोर्ड-लॅपटॉपसारख्या जोरकस सिग्नलचे, स्टिरिओ जोड्यांमध्ये. आपल्या यादीत माइक प्रीअ‍ॅम्प लागणाऱ्या गोष्टी मोजल्या तर बरोबर १० भरतात. म्हणजे शिल्लक शून्य. ऐनवेळी कोणी बासरी घेऊन आलं तर निवेदकाचा माइक काढून द्यावा लागेल.

पण खरी अडचण पुढे आहे. गायिकेला स्वतःचा आवाज आणि कीबोर्ड मोठा हवा. ड्रमरला बास आणि ट्रॅक हवा, गाणं थोडंसंच. कोरसच्या दोघांना एकमेकांचे आवाज हवेत. गिटारवाल्याला मुख्य गायिका ऐकू आली की पुरे. या चार वेगळ्या मागण्या आहेत, म्हणजे चार मॉनिटर मिक्स (मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर). एमजी१६एक्सयूला ऑक्स चार आहेत, पण त्यातला एक आतल्या इफेक्टकडे जातो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा, हवा असेल तर मॉनिटरसाठी उरले तीन. मग दोघांना एकाच मिक्सवर समाधान मानावं लागतं, आणि स्टेजवरची निम्मी कुरकुर तिथून सुरू होते.

एक्सआर१८ मध्ये माइक प्रीअ‍ॅम्प १६, वर एक स्टिरिओ लाइन जोडी, आणि ऑक्स आउटपुट सहा. इफेक्टसाठी त्या सहांतला एकही खर्च होत नाही, कारण इफेक्टचे चार सेंड वेगळे आहेत. एक्स३२ मध्ये १६ मिक्स बस (ऑक्ससारख्याच वाटा) आहेत, त्यातल्या चार-पाच इफेक्टला दिल्या तरी मॉनिटरला भरपूर उरतात. क्यूयू-१६ मध्ये चार मोनो आणि तीन स्टिरिओ मिक्स मिळतात. कानातले इन-इअर मॉनिटर वापरणाऱ्यांना स्टिरिओ मिक्स फार उपयोगी पडतो.

छोट्या अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये आणखी एक गोष्ट तपासा: ऑक्स प्री-फेडर आहे की पोस्ट-फेडर, म्हणजे त्याचा सिग्नल फेडरच्या आधी घेतला जातो की नंतर. मॉनिटरला प्री-फेडरच लागतो. पोस्ट-फेडर ऑक्सवर मॉनिटर दिला की प्रेक्षकांसाठी तुम्ही गायिकेचा फेडर खाली घेतला रे घेतला, तिच्या मॉनिटरमधलाही तिचा आवाज कमी होतो. मग ती जोर लावून गाते आणि तुम्ही आणखी खाली घेता. रिव्हर्बला मात्र पोस्ट-फेडर हवा, नाहीतर फेडर बंद केल्यावरही रिव्हर्बमधून भुतासारखा आवाज येत राहतो. डिजिटलमध्ये हे प्रत्येक सेंडला निवडता येतं. स्वस्त अ‍ॅनालॉगमध्ये जे कारखान्यातून आलं तेच. विकत घेण्याआधी मिक्सरच्या माहितीपुस्तिकेतल्या चित्रात, म्हणजे ब्लॉक डायग्राममध्ये, ते बघून घ्या.

गेन लावणं तिन्हीकडे सारखंच, आठवण ठेवण्याची सोय वेगळी

मिक्सर कुठलाही असो, काम गेनपासूनच, म्हणजे इनपुटवरच सिग्नल किती वाढवायचा यापासून, सुरू होतं. चॅनेलचा फेडर खाली, पीएफएल किंवा सोलो (तेवढा एकच चॅनेल तपासायचं बटण) दाबलेला, आणि गाणाऱ्याला सांगायचं की सगळ्यात वरच्या पट्टीतली, सगळ्यात जोरातली ओळ म्हणा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’वर लावलेला गेन पहिल्याच गाण्यात लाल दिवा दाखवतो, कारण बोलण्यात आणि तारसप्तकात गाण्यात फार मोठा फरक असतो. अ‍ॅनालॉगवर मीटर शून्याच्या आसपास खेळावा, जोरात गाताना थोडा वर जावा, पीकचा दिवा लागू नये. डिजिटलवर मीटरच्या डोक्याशी शून्य असतं आणि त्याच्या वर काहीच नसतं. तिथे सिग्नल कापला जातो आणि तो फाटलेला आवाज कुठल्याच प्लगइनने दुरुस्त होत नाही. म्हणून सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (त्या शून्याच्या १८ डेसिबल खाली) आसपास ठेवायची. अ‍ॅनालॉगची सवय असलेले लोक डिजिटलवर आले की मीटर अर्ध्यातच थांबलेला पाहून अस्वस्थ होतात आणि गेन वाढवतात. वाढवू नका. ती मोकळी जागा हवीच असते.

गेन झाला की लो-कट. आवाजाच्या माइकला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काही लागत नसतं. तिथे फक्त स्टेजवरचे पायांचे धक्के, हाताळण्याचा आवाज आणि ‘प’, ‘फ’च्या फुंकरी असतात. एमजीवर लो-कट म्हणजे ८० हर्ट्झचं एक बटण. डिजिटलवर तो सरकवता येतो, बारीक आवाजाच्या गायिकेला १२० वर नेला तरी चालतं. मग फेडर शून्याच्या खुणेवर आणि मुख्य फेडर हळूहळू वर.

एकदा गेन ठरला की कार्यक्रमात त्याला हात लावायचा नाही. गेन सगळ्यांच्या मुळाशी असतो. तो ३ डीबीने वाढवला तर चारही मॉनिटरमध्ये तो आवाज ३ डीबीने वाढतो, आणि जो मॉनिटर काठावर होता तो शिट्टी मारतो. प्रेक्षकांना कमी ऐकू येत असेल तर फेडर आहे की.

आता फरक. एक्स३२, एक्सआर१८, क्यूयू यांचे प्रीअ‍ॅम्प डिजिटली चालतात, त्यामुळे गेनसकट सगळं सीनमध्ये, म्हणजे सेटिंगच्या एका संचात, साठवता येतं. दोन बँड एकामागून एक असतील तर दुपारी दोघांचे साउंडचेक घ्यायचे, दोन सीन ठेवायचे, संध्याकाळी एका दाबात बदल. अ‍ॅनालॉगवर याला एकच मार्ग आहे: साउंडचेक झाला की सगळ्या नॉबांचा फोनवर स्पष्ट फोटो काढणं आणि मध्यंतरात एकेक नॉब फोटोनुसार फिरवणं. बारा चॅनेलला होतं ते काम. चोवीस चॅनेलला घाईत कुठेतरी चुकतंच.

सीनला एक धोका जोडलेला आहे तो मात्र आधीच सांगायला हवा. मधल्या वेळात निवेदकाच्या माइकचा ईक्यू (जाड-बारीक स्वरांचं प्रमाण) सुधारला, मॉनिटरमधली शिट्टी काढली, आणि मग दुसरा सीन बोलावला की त्या सगळ्या सुधारणा पुसल्या जातात, कारण सीन दुपारचा आहे. त्यासाठी चांगल्या कन्सोलवर ‘सेफ’ची सोय असते: निवडलेले चॅनेल किंवा सेटिंग सीन बदलताना तसेच राहतात. निवेदकाचा माइक आणि मॉनिटरचे आउटपुट ईक्यू मी नेहमी सेफमध्ये टाकतो.

माइक घुमायला लागला की

तिन्ही घराण्यांमधला फरक मला विचाराल तर या एका क्षणात दिसतो. गाणं चालू आहे, गायिका मॉनिटरकडे वाकते, माइकवर मूठ धरते आणि बारीक, चढत जाणारी शिट्टी सुरू होते. तुमच्याकडे फार तर दोन सेकंद आहेत. मग सगळं सभागृह कानावर हात ठेवतं.

अ‍ॅनालॉगवर हात आपसूक तिच्या चॅनेलवर जातो. मॉनिटर ऑक्सचा नॉब कुठे आहे हे बोटांना माहीत असतं, तो दोन रेघा मागे फिरवला की विषय संपला. बघावंही लागत नाही. हा अ‍ॅनालॉगचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि आजही त्याला तोड नाही.

फेडरच्या डिजिटल कन्सोलवर ती गायिका समोरच्या लेयरवर असेल तर तेवढाच वेळ. पण एक्स३२ वर फेडर एकूण २५ आणि चॅनेल त्याहून जास्त, त्यामुळे फेडरचे थर असतात. तुम्ही ड्रमच्या लेयरवर असाल तर आधी परत यावं लागतं. शिवाय ‘सेंड्स ऑन फेडर’ नावाची एक सोय आहे: मॉनिटरची बस निवडून ते बटण दाबलं की सगळे फेडर त्या मॉनिटरच्या मिक्सचे होतात. फार सुंदर सोय, आणि नवख्याची सगळ्यात मोठी फसगतही. ते बटण चालू राहिलं आणि प्रेक्षकांसाठी म्हणून गिटार वाढवायला गेलात, तर वाढते ती ड्रमरच्या कानात. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. या बटणाचा दिवा बंद करूनच हात उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

टॅबलेटवर कीबोर्डच्या ईक्यूचं पान उघडं असेल तर आधी ते बंद, मग चॅनेलच्या पानावर, मग बोटाने सरकवत गायिकेपर्यंत, मग मॉनिटरची बस. सराव असला तरी तीन-चार सेकंद. काचेवर बोटाला फेडर लागत नाही, त्यामुळे नजर स्टेजवरून काढून पडद्यावर न्यावीच लागते. यावर उपाय म्हणजे शिट्टी होऊच न देणं, आणि तिथे डिजिटलच्या दोन्ही घराण्यांकडे असं हत्यार आहे जे छोट्या अ‍ॅनालॉगकडे नाही.

एमजी१६एक्सयूच्या चॅनेलवर हाय, मिड, लो असे तीन पट्टे आहेत. मिडचा पट्टा २५० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ सरकवता येतो, पण त्याची रुंदी ठरलेली. शिट्टी २.५ किलोहर्ट्झला येत असेल आणि तिथे ६ डीबी कापले, तर शिट्टीबरोबर शब्दांचा स्पष्टपणाही जातो, तोही प्रेक्षकांच्या स्पीकरमधूनसुद्धा, कारण ईक्यू चॅनेलचा आहे, मॉनिटरचा नाही. नीट काम करायचं तर प्रत्येक मॉनिटरला ३१ बँडचा वेगळा ग्राफिक ईक्यू रॅकमध्ये हवा. चार मॉनिटर, चार ईक्यू, त्यांच्या केबल, त्यांचं वजन. एक्सआर१८ मध्ये हे प्रत्येक ऑक्सवर आधीच आहे, पॅरामेट्रिक (पट्ट्याची जागा आणि रुंदी आपण ठरवायची) किंवा ३१ बँडचा ग्राफिक, हवा तो. वर आरटीए दिसतो, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी उसळतेय ते डोळ्यांनी कळतं. एक्स३२ वर बसला सहा पट्ट्यांचा पॅरामेट्रिक मिळतो.

साउंडचेकमध्ये हे असं करायचं. गायिकेचा माइक जागेवर, मॉनिटर हळूहळू वाढवत न्यायचा, अगदी पहिली कुणकुण ऐकू येईपर्यंत. आरटीएवर जिथे सुळका दिसतो तिथे अरुंद पट्टा लावून ३ ते ६ डीबी कापायचे. पुन्हा वाढवायचं, पुन्हा दुसरी जागा. तीन-चार जागा कापून झाल्या की थांबायचं. पुढे कापत गेलात तर मॉनिटर डबक्यातून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी पातळी ५-६ डीबी मागे घ्यायची. एवढं केलेलं असेल तर टॅबलेटचा तो संथपणा कार्यक्रमात सहसा आड येत नाही.

जाता जाता कंप्रेसरविषयी. डिजिटलमध्ये प्रत्येक चॅनेलला गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) आणि कंप्रेसर असतो, आणि नवीन माणूस पहिल्या आठवड्यात सगळीकडे लावतो. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मेकअप गेनने सगळंच वर आणतो. म्हणजे गायिका गप्प असताना तिचा माइक आधीपेक्षा जास्त उघडा असतो. मेकअप ६ डीबी दिला तर तुम्ही शिट्टीच्या ६ डीबी जवळ गेलात. मॉनिटरचा सेंड कंप्रेसरच्या आधीच्या जागेवरून घेतला तर हा त्रास टळतो. एक्स३२ आणि एक्सआर१८ दोन्हीवर ती जागा निवडता येते.

वाय-फाय

टॅबलेट मिक्सर घेणाऱ्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण त्या मिक्सरविषयीच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आधी भीती दूर करू. वाय-फाय तुटलं तर आवाज बंद होत नाही. आवाजाचं सगळं काम पेटीच्या आत होतं. टॅबलेट फक्त रिमोट आहे. तुटल्यावर शेवटचं जे मिक्स होतं तेच चालू राहतं. पण तेवढ्या वेळात तुम्ही काहीही बदलू शकत नाही, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी आली तर मुख्य स्पीकरचा आवाज स्पीकरवरच जाऊन कमी करावा लागतो.

एक्सआर१८ मध्ये वाय-फाय आतच आहे, पण ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दुपारी रिकाम्या सभागृहात साउंडचेक झकास होतो. संध्याकाळी पाचशे माणसं पाचशे फोन घेऊन येतात, ब्लूटूथही त्याच पट्ट्यात, काही स्वस्त वायरलेस माइकही त्याच पट्ट्यात. शिवाय माणसांचं शरीर या लहरी शोषून घेतं. मग टॅबलेट अडखळायला लागतो. म्हणून पेटीतल्या वाय-फायवर सार्वजनिक कार्यक्रम करू नका, घरच्या सरावापुरतं ते ठीक आहे. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर घ्या, तो मिक्सरला लॅन केबलने जोडा, आणि प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा, टॅबलेटच्या जागेवरून थेट दिसेल असा. पासवर्ड बदला. टॅबलेटवर स्क्रीन आपोआप बंद होणं, नोटिफिकेशन आणि अपडेट बंद करा. आणि लॅन केबलने जोडलेला एक लॅपटॉप शेजारी चालू राहू द्या. हा दुसरा मार्ग असला की टॅबलेट मिक्सरवर निर्धास्त विसंबता येतं.

आणि हे सगळं करण्यासारखं बक्षीसही आहे. टॅबलेट हातात घेऊन शेवटच्या रांगेत जाता येतं, बाजूच्या कोपऱ्यात, पहिल्या रांगेत स्पीकरच्या अगदी खाली. मिक्सरच्या टेबलापाशी जो बास बरोबर वाटतो तो भिंतीजवळ दुप्पट झालेला असतो, हे तिथे उभं राहूनच कळतं आणि तिथे उभं राहूनच बदलता येतं. मॉनिटर लावताना गायिकेच्या शेजारी उभं राहून तिच्या जागेवरून ऐकता येतं. फेडरच्या कन्सोलवालेही यासाठी टॅबलेट जोडतात. त्यांना दोन्ही मिळतं.

केबल, जागा, हम

अ‍ॅनालॉग कन्सोल प्रेक्षकांत ठेवायचा तर स्टेजपासून तिथपर्यंत मल्टिकोर (एकाच आवरणात अनेक माइक केबल) टाकावी लागते: जाड, जड, आणि आत एखादी जोडी तुटली की शोधणं जिकिरीचं. एक्स३२ सारख्या कन्सोलला स्टेजवर स्टेज बॉक्स (माइक जोडायची पेटी) ठेवून एकच शील्डेड कॅट५ई केबल पुरते. एईएस५० या जोडणीच्या एका केबलवरून दोन्ही दिशांना ४८ चॅनेल जातात. मात्र ती केबल चांगल्या प्रतीची आणि धातूच्या कनेक्टरचीच घ्या, साधी ऑफिसातली नको. टॅबलेट मिक्सर तर स्टेजवरच असतो, त्यामुळे माइकच्या छोट्या केबल थेट त्यात. दोन माणसांचा गट असेल तर हा फायदा फार मोठा आहे.

लांब अ‍ॅनालॉग केबलचा दुसरा त्रास म्हणजे हम. स्टेजची वीज एका बोर्डावरून, मिक्सरची दुसऱ्यावरून, आणि दोन्हींचं अर्थिंग केबलच्या शील्डमधून जोडलं जातं. त्यातून घूं असा आवाज येतो. दोन्हींना एकाच ठिकाणाहून वीज द्या, कीबोर्ड आणि लॅपटॉप डीआयमधून घ्या आणि डीआयचं ग्राउंड लिफ्ट बटण वापरा. प्लगची अर्थ पिन काढून हम घालवणारे लोक भेटतात. तसं कधीही करू नका. गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ असलेल्या माणसाला शॉक बसला तर जीव जाऊ शकतो.

वीज गेली तर ती परत येताच अ‍ॅनालॉग त्याच क्षणी चालू. डिजिटलला सुरू व्हायला वेळ लागतो, आणि तेवढी शांतता भर कार्यक्रमात फार लांब वाटते. डिजिटल घेत असाल तर मिक्सर, राउटर आणि स्टेज बॉक्ससाठी छोटा यूपीएस त्याच दिवशी घ्या. चालू-बंद करण्याचा क्रम तिन्हीकडे एकच: अँप किंवा पॉवर्ड स्पीकर सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद. उलट केलं तर मिक्सरचा ठोका थेट ट्विटरवर जातो.

फँटम, म्हणजे मिक्सरने केबलमधून माइककडे पाठवलेली वीज, तिलाही असंच जपायचं. ४८ व्होल्ट कंडेन्सर माइकला आणि अ‍ॅक्टिव्ह डीआयला लागतात. बऱ्याच छोट्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर सगळ्या चॅनेलना मिळून एकच बटण असतं; डिजिटलवर चॅनेलगणिक वेगळं. बॅलन्स्ड केबलवरच्या साध्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही, पण जुना रिबन माइक किंवा जुगाड करून एक्सएलआरमध्ये (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये) घातलेला अनबॅलन्स्ड आउटपुट बिघडू शकतो. दाबताना चॅनेल म्यूट.

विलंबाची, म्हणजे लेटन्सीची, काळजी सोडा. या वर्गातल्या डिजिटल मिक्सरचा स्वतःचा विलंब साधारण १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. मॉनिटरच त्याहून लांब ठेवलेला असतो.

शिकणाऱ्यासाठी

‘आधी अ‍ॅनालॉगवर शीक, मग डिजिटल’ असं बरेच जाणकार सांगतात. त्यात तथ्य आहे: माइक, गेन, ईक्यू, ऑक्स, फेडर हा सिग्नलचा रस्ता एका चॅनेलच्या पट्टीवर वरून खाली वाचता येतो आणि तो एकदा मनात बसला की कुठलाही पडदा समजतो. पण तो रस्ता मित्राच्या चार चॅनेलच्या मिक्सरवरही समजतो. त्यासाठी मोठा अ‍ॅनालॉग विकत घ्यायची गरज नाही.

उलट शिकण्यासाठी डिजिटलकडे एक मौल्यवान गोष्ट आहे, ती म्हणजे मल्टिट्रॅक. एमजी१६एक्सयूच्या यूएसबीवरून दोन ट्रॅक मिळतात, म्हणजे झालेलं मिक्स. एक्सआर१८ वरून लॅपटॉपवर १८ वेगळे ट्रॅक जातात, एक्स३२ वरून ३२. आणि तेच ट्रॅक लॅपटॉपवरून परत चॅनेलमध्ये आणता येतात. म्हणजे बँड घरी गेल्यावर, रविवारी सकाळी, तुम्ही तोच कार्यक्रम पुन्हा मिक्स करू शकता: गायिकेचा आवाज झाकणारा कीबोर्डचा कुठला भाग आहे ते शोधा, ड्रमचा गेट उघडमीट करून ऐका, कंप्रेसरचा अटॅक बदलत राहा. कोणी वाट बघत नाही, कोणी रागावत नाही. ज्याला हे काम मनापासून शिकायचंय त्याला मी याच एका कारणासाठी डिजिटल घ्यायला सांगेन.

टिकाऊपणाचं पारडं अ‍ॅनालॉगकडे झुकतं. त्याचा फेडर खरखरायला लागला तरी एक चॅनेल जातो, बाकीचे चालतात, आणि कुठलाही बरा तंत्रज्ञ तो उघडू शकतो. डिजिटलमध्ये मुख्य बोर्ड गेला तर सगळंच थांबतं. टॅबलेटवर विसंबणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. २०१२ मध्ये मॅकीचा डीएल१६०८ आला, आयपॅड वरच बसवायचा. त्यात ३० पिनांचा कनेक्टर होता. त्याच वर्षी अ‍ॅपलने लाइटनिंग आणला आणि पुढच्या आयपॅडसाठी मिक्सरची वेगळी आवृत्ती काढावी लागली. म्हणून एकाच टॅबलेटला बांधलेला मिक्सर नको. एकाहून जास्त प्रणालींवर अ‍ॅप असलेला, किंवा यूआयसारखा ब्राउझरमधून चालणारा घ्या.

मग कोणी काय घ्यावं

भाषणं, परिसंवाद, एक-दोन वाद्यांसह गायन, आणि मिक्सर हाताळणारी माणसं दर वेळी वेगळी असतील, तर अ‍ॅनालॉग. कोणालाही दोन मिनिटांत समजावता येतो, पासवर्ड लागत नाही, अ‍ॅप लागत नाही. सभागृहात कायम बसवायच्या मिक्सरलाही, जिथे रोज नवा माणूस येतो, हेच लागू.

बँड स्वतःच स्वतःचा आवाज बघणार, गाडीत जागा कमी, प्रत्येकाला आपला मॉनिटर आपल्या फोनवरून लावायचाय, तर टॅबलेट मिक्सर, सोबत राउटर. इथे मी फारसा विचारही करणार नाही. फक्त वाजवता वाजवता टॅबलेट सांभाळणारा एकच माणूस ठरवा. चौघांनी मुख्य मिक्सला हात लावला तर संध्याकाळ वाया जाते.

मिक्सरवर पूर्णवेळ माणूस बसणार, पाच-सहा मॉनिटर, एका संध्याकाळी दोन-तीन गट, तर फेडरचा डिजिटल कन्सोल. एक्स३२ कॉम्पॅक्टसारखा लहान आकाराचा घेतला तरी बस तितक्याच मिळतात, फेडर कमी. थरांमध्ये फिरायची तयारी असेल तर तो पुरतो. माझ्या मते मोठ्या आणि लहान कन्सोलमधला पैशांचा फरक चांगले माइक, डीआय आणि यूपीएस यांत घातलेला बरा.

आणि अजूनही ठरत नसेल तर घेण्याआधी चालवून बघा. एक्स३२ आणि एक्सआर१८ दोन्हींचे एडिटर फुकट उतरवता येतात आणि मिक्सर जोडलेला नसतानाही उघडतात. वरचा पाच जणांचा बँड त्यात मांडून बघा: चौदा चॅनेलना नावं, रंग, चार मॉनिटर, एक रिव्हर्ब, गायिकेच्या मॉनिटरवर ईक्यू. मग कोणाला तरी मागून अचानक ‘ड्रमरला बास वाढवून दे’ म्हणायला सांगा आणि किती टिचक्या लागतात ते मोजा.